आठवं प्रोटीन करतं तरी काय

१

लाँड्रीवाल्या घरातली सून चुरगळलेला कोट घालून कामाला गेली, ही गोष्ट आत्याबाईंच्या डोक्यातून तीन आठवडे झाले तरी जात नव्हती. गेली ती गेली, वर पुढच्या दाराने गेली. समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर पाहत होता, कोपऱ्यावरची शिंपीण पाहत होती. ज्या घरातून चाळीस वर्षं लोकांचे कपडे पुठ्ठ्यासारखे ताठ होऊन बाहेर पडतात, त्या घरची सून गच्चीवरच्या दोरीचा दमट कोट ओढते काय, बाहीत हात खुपसत जिना उतरते काय, आणि "आज उशीर झालाय आई" म्हणून पसार होते काय. खाली इस्त्रीच्या टेबलाशी तिचा नवरा उभाच होता. दोन मिनिटांचं काम. पण मागेल तर ना.

"बायको तुझी," आत्याबाई त्या दिवसापासून मुलाला ऐकवत होत्या, "आणि नाक माझं कापलं जातं."

मुलगा इस्त्री फिरवत राही. उत्तर द्यायची त्याची सवय लग्नाआधीच मोडली होती.

बुधवारी सून दुपारी तीनलाच घरी आली. पिशवी ठेवली, हात धुतले, आणि वही काखेत तशीच धरून आत्याबाईंच्या समोर येऊन चादरीचं दुसरं टोक धरलं. न सांगता मदत, म्हणजे काहीतरी बिघडलं होतं.

"परवा अकराला आमच्या प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाई निकाल देणार आहेत," ती म्हणाली. "बहुतेक मला काढतील. तीन वर्षांचं सगळं काम जाईल."

"कशापायी?"

"मी लबाडी केली म्हणून."

आत्याबाईंचे हात चादरीवर थांबले. सुनेबद्दल त्यांच्या तक्रारी काय कमी होत्या? चहा गार करून पिते, पुस्तक उपडं ठेवते, साबणाची वडी पाण्यात राहू देते. पण लबाड हा शब्द त्यांनी तिच्यासाठी कधी काढला नव्हता. आपण न काढलेला शब्द बाहेरच्याने काढावा, हे त्यांना खपणारं नव्हतं.

"पहिल्यापासून सांग. आणि मोठा शब्द आला की थांब. तिसरीतून उठलेली बाई आहे मी."

सून चादर दुमडत सांगू लागली. "झाडांना होणारा एक विषाणू आहे. तंबाखूच्या रोपात शिरला की पानांवर पिवळे-हिरवे चट्टे उठतात. त्याच्याकडे सगळी मिळून आठ प्रोटीनं. आठ कामकरी म्हणा. एक त्याच्या नकला काढतं, एक त्याचं अंग झाकतं, एक पानातल्या पानात पुढे सरकायची वाट करून देतं. सातांची कामं माहीत आहेत. आठवं काय करतं, कोणालाच ठाऊक नाही. आम्ही ते काढून टाकलेला विषाणू बनवला. त्याचं काही अडलं नाही. रोपाला चोळला की रोप तितकंच आजारी, तितक्याच दिवसांत."

"मग बाळगलंय कशाला?"

"तेच शोधायला मी आहे."

आत्याबाईंना हे आवडलं. जो डोळ्याला दिसत नाही, जो घरात मोजून आठ माणसं ठेवतो, तो त्यातलं एक बसून खायला ठेवेल, हे त्यांच्या संसारी बुद्धीला पटेना. त्यांचा स्वतःचा एक दीर बसून खात असे. त्याला त्यांनी दोन महिन्यांत कामाला लावला होता.

"पुढे."

"काचघरात दोन टेबलं आहेत. पहिल्यावर पूर्ण विषाणू चोळलेली बारा रोपं आणि त्यांच्या मध्ये मध्ये बारा निरोगी. दुसऱ्यावर तसंच, फक्त विषाणू आठव्याशिवायचा. निरोगी रोपं निरोगीच राहायला हवी होती. सोमवारी पाहिलं तर पहिल्या टेबलावरची नऊ निरोगी रोपं आजारी. दुसऱ्यावर एकही नाही."

"कोणाचा तरी हात लागला असेल."

"तिथेच तर घोडं अडलंय. आजारी पानाचा रस हाताला लागला आणि तोच हात निरोगी पानाला घासला, की रोग जातो. पण हाताने रोग जायला आठव्याची गरज नाही. हाताने दोन्ही टेबलांवरचा रोग सारखाच जातो. गलथान माणूस दोन्हीकडे गलथान असतो. एकाच टेबलावर रोग गेला, म्हणजे कोणीतरी मुद्दाम तिथेच चोळला. आणि आठवं प्रोटीन काहीतरी करतं असं दिसण्यात फायदा कोणाचा, तर माझा."

आत्याबाईंनी मान हलवली. आरोप करणाऱ्याचं डोकं चांगलं चालत होतं, हे कबूल करायला हवं होतं.

"तू चोळलास?"

"नाही."

"हात धुत होतीस?"

"कोपरापर्यंत. दरवेळी."

"आणखी काही सांगायचं राहि..."

"नाही, काही नाही."

उत्तर प्रश्न संपायच्या आत आलं. चाळीस वर्षं आत्याबाई लोकांचे खिसे तपासून कपडे भिजवत आल्या होत्या. खिसा रिकामाच आहे म्हणणाऱ्याचा हात आधी खिशाकडे जातो, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. सुनेचा हात आत्ता काखेतल्या वहीकडे गेला होता.

२

प्रयोगशाळेचे कोट सोमवारी धुवायला येत आणि गुरुवारी परत जात. एरवी गठ्ठा मुलगा पोचवी. या गुरुवारी आत्याबाई स्वतः निघाल्या.

"तुम्ही कशाला आई, गुडघे दुखतात तुमचे," सून म्हणाली.

"गुडघे माझे आहेत. त्यांना विचारूनच निघाले."

तिथल्या प्रत्येक माणसाला आत्याबाई त्याच्या कोटावरून ओळखत. कॉलरच्या आत त्यांनी रंगीत दोऱ्याचा टाका घातलेला असे. निळा डॉक्टरीणबाईंचा, लाल माळ्याचा, हिरवा ज्याला सगळे इंचपट्टी म्हणत त्या मुलाचा, पिवळा सुनेचा. निळ्या कोटाच्या खिशात नेहमी खडूचे तुकडे. लाल कोटाचे गुडघ्याजवळचे मातीचे डाग. हिरव्या कोटावर डागच नाही. असा माणूस त्यांना कधी आवडला नव्हता.

माळी काचघरामागच्या खोलीत कुंड्या घासत बसला होता. खोलीला ओल्या मातीचा आणि रबरी नळीचा वास. भिंतीला खिळ्यांवर झाऱ्या टांगलेल्या, प्रत्येकीची चोच हातभर लांब. वीस वर्षं तो तिथे होता, आणि सोमवारपासून आपल्यावरही बालंट येईल म्हणून धास्तावलेला.

"मी पानाला बोट लावत नाही आत्याबाई. लांबूनच पाणी. बाईंचा तसा हुकूम आहे."

"मी कुठे म्हटलं लावतोस? त्या दोन टेबलांवर वेगळं काही दिसलं का, ते सांग."

"दिसतंय कुठे. आत शिरलं की चष्म्यावर वाफ." तो ब्रश थांबवून आठवू लागला. "एक होतं. फवारणीच्या शनिवारी. मी एक शनिवार सोडून साबणाचं पाणी मारतो, कीड असो नसो. त्या दिवशी कुंड्या सरकू नयेत म्हणून टेबलाची कड धरली, तर चिकट. गुळगुळीत चिकट, कोणी सरबत सांडल्यासारखं. आणि पानांवर पांढरा कोंडा."

"कसला कोंडा?"

"डोक्यात होतो तसा. बारीक, हलका. मला वाटलं मातीत घालतो ती पांढरी भुकटी उडाली असेल. फवाऱ्याने धुऊन गेला."

"कुठल्या टेबलावर?"

"दोन्ही."

"नीट आठव. पहिल्यावर का दोन्ही?"

"दोन्हीवर. दोन्हीकडे कड पुसली मी. दोन फडकी लागली. तुमच्याकडेच आली ती धुवायला."

फडकी आत्याबाईंना आठवली. सोडा घातल्याशिवाय निघाली नव्हती. तेव्हा त्यांनी माळ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या.

"ही गोष्ट बाईंना सांगितलीस?"

"कोणी विचारलं नाही. मी सांगितली तर म्हणायचे, तू सांडलंस."

त्या उठल्या तेव्हा तो हळूच म्हणाला, "अजून एक. टेबलांवर पिवळे चिकट कागद टांगलेले असतात. उडणारी कीड पिवळ्याला भुलते आणि चिकटते. महिनाभर एकच कागद राहतो, त्यावर धूळ बसते. दुसऱ्या टेबलावरच्यावर बसलीय. पहिल्या टेबलावरचा मात्र कोरा करकरीत आहे. मी बदललेला नाही."

३

इंचपट्टी हे नाव त्याला माळ्याने दिलं होतं, आणि ते त्याला माहीतही होतं. तो सुनेच्या एक वर्ष पुढे होता, आणि वरच्या खिशात पोलादी पट्टी ठेवी. सोमवारी आजारी रोपं त्यानेच आधी पाहिली होती. मुद्दाम चोळल्याचा तर्कही त्याचाच.

"कोट आणलाय," आत्याबाई म्हणाल्या. "बघून घे. तुझ्या कोटाला धुण्यासारखं काही नसतं, म्हणून आम्ही नुसतीच हवा दाखवतो."

"आजी, तुम्ही कशासाठी आलाय ते मला कळतंय."

"आजी कोणाची रे? आत्याबाई म्हण. आणि कळतंय तर बस."

तो बसला नाही, पण खुर्ची त्यांना दिली. खोलीत एका भिंतीला जाड फायली ओळीने लावलेल्या, प्रत्येकीच्या पाठीवर तारीख. टेबलावरची पेन्सिलसुद्धा कडेला समांतर.

"माझं तिच्याशी वैर नाही," तो म्हणाला. "पण हात असाच निवडून जात नाही. तुम्हीच सांगा, दुसरं काय होऊ शकतं?"

"मी अडाणी बाई. मला आधी रोपं दाखव."

त्याने कागद पुढे सरकवला. दोन्ही टेबलांचा नकाशा, प्रत्येक रोपाचा गोल, आजारी पडलेल्या नवांना रंग भरलेला. आत्याबाईंना त्यावरची इंग्रजी अक्षरं लागत नव्हती, पण कापड बेतणाऱ्याची नजर त्यांना होती. रंगीत गोल कुठेही विखुरलेले होते. एक तर मागच्या कोपऱ्यात, काचेला टेकून.

"टेबल रुंद किती?"

"एकशे चाळीस सेंटिमीटर."

"मला हातात सांग."

त्याने हात पसरून दाखवलं. आत्याबाईंनी स्वतःचा हात लांब केला, मग त्याच्याकडे पाहिलं. तो त्यांच्यापेक्षा वीतभर उंच होता. "तुझा तरी पोचेल का त्या कोपऱ्यापर्यंत?"

"पुढच्या कुंड्या सरकवल्या तर."

"सरकल्या होत्या?"

त्याने नकाशातल्या गोलांवरून बोट फिरवलं. आत्याबाई वाट बघत राहिल्या. कपडे वाळायची वाट बघणाऱ्या बाईला घाई कसली?

"प्रत्येक कुंडीभोवती मी खडूने रिंगण आखतो," अखेर तो म्हणाला. "अंतर बदलू नये म्हणून. दर सोमवारी तपासतो. एकही रिंगण पुसलेलं नव्हतं."

"म्हणजे कुंडी हलली नाही."

"नाही."

"आणि न हलवता हात पोचत नाही. माझ्या सुनेचा तर नाहीच, ती माझ्या खांद्याला लागते. मग कोपऱ्यातल्या त्या रोपाला रोग कोणी पोचवला?"

इंचपट्टीने नकाशा स्वतःकडे ओढला. पट्टी काढली, कोपऱ्यावर ठेवली, परत उचलली. खोटं वागणाऱ्या माणसाचा चेहरा असा पडत नाही, हे आत्याबाईंनी टिपून घेतलं. हा नुसता आपल्या हुशारीत अडकला होता.

"हे मला आधी सुचायला हवं होतं," तो म्हणाला.

"हवं होतं. त्या फायलींत काय असतं?"

"पानं. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक रोपाचं एक पान कापून कागदात दाबून ठेवतो. नोंद म्हणून."

"निरोगी रोपांचंही? दोन्ही टेबलांचं?"

"सगळ्यांचं. शेवटचं कापलं फवारणीच्या आदल्या दिवशी."

"जपून ठेव ती फाइल," आत्याबाई म्हणाल्या. "उद्या अकराला लागेल." कशाला लागेल, हे त्यांना स्वतःलाच अजून धड कळलेलं नव्हतं. चिकटपणा आणि पांढरा कोंडा त्यांनी कुठेतरी पाहिला होता, आणि ते कुठे, ते काही केल्या आठवत नव्हतं.

४

आठवलं ते घरच्या गच्चीवर, वाळलेले कपडे काढताना.

दोरीच्या दक्षिणेकडच्या टोकाला त्यांच्या सात कुंड्या होत्या, मिरच्यांच्या. कोणी त्यांना हात लावलेला आत्याबाईंना चालत नसे. त्या टोकाला दोरी जरा सैल होती. तिथे टांगलेला लांब कपडा खालून मिरच्यांच्या शेंड्यांना घासे. म्हणून तिथे त्या पायपुसणी वाळत घालत. पण तीन आठवड्यांपूर्वी कोट जास्त झाले, तेव्हा ते या टोकालाही टांगले होते.

त्यांनी एक पान उलटं केलं. बोट चिकटलं. पानाच्या मागे शिरेच्या कडेने हिरवे बारीक दाणे बसले होते. नीट पाहिलं तर हलत होते. आणि त्यांच्या मध्ये पांढरी, पोकळ, हलकी टरफलं. कोंड्यासारखी.

मावा. वाढताना कात टाकणारा, पानाचा रस पिऊन गोड चिकट थेंब टाकणारा मावा. दरवर्षी होई, त्या राखेने झटकत. त्यात नवल ते काय?

आत्याबाई पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसल्या. बाकी सगळे कोट इथून खाली गेले, मुलाच्या इस्त्रीखाली भाजून निघाले. असल्या इस्त्रीखाली मावा कसला जगतो. इस्त्रीशिवाय या गच्चीवरून थेट काचघरात गेला तो एकच कोट, पिवळ्या टाक्याचा. तीन आठवड्यांपूर्वीचा. ज्याबद्दल त्या रोज तोंड वाजवत होत्या, पण भलत्याच कारणाने.

आणि मग दुसरी गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरली, आणि त्या बसल्या जागी ताठ झाल्या. चिकटा दोन्ही टेबलांवर होता. म्हणजे मावा दोन्ही टेबलांवर होता. रोग मात्र एकाच टेबलावर फिरला.

त्यांनी गच्चीच्या कठड्यावरून हाक मारली. सून वर आली.

"वही आण तुझी."

"कुठली, आई?"

"काखेत असते ती. आण, नाहीतर मी आणते."

वहीच्या मागच्या पुठ्ठ्यात, दोन पानं एकमेकांना चिकटवून केलेल्या खिशात, तो पिवळा कागद होता. त्यावर पंख असलेले चार मावे चिकटून वाळले होते. सुनेने तो आत्याबाईंच्या हातात दिला आणि कठड्याकडे पाहत उभी राहिली.

"तो कोट घालून गेले, त्याच्या पुढच्या आठवड्यात दिसले," ती म्हणाली. "पहिल्या टेबलावरच्या कागदावर. कुठून आले ते लगेच कळलं. मी पानाखालचे सापडले तेवढे चिमट्याने काढले, कागद बदलला. शनिवारी फवारणी होतीच. म्हटलं संपलं. नंतर रोपं आजारी पडली, तेव्हा सांगायची वेळ निघून गेली होती."

"दुसऱ्या टेबलावर पाहिलंस?"

"तिथल्या कागदावर मावा नव्हता. म्हणून पाहिलं नाही. मावा एकाच टेबलावर गेला, म्हणून रोगही एकाच टेबलावर गेला, असंच मी धरलं."

"आणि बाईंना का नाही बोललीस? मुद्दाम चोळल्याचा आळ त्याहून बरा वाटला?"

खाली इस्त्रीचा वाफेचा आवाज येत होता.

"काचघरात जाणाऱ्यांच्या घरी तंबाखूच्या कुळातलं काही, म्हणजे मिरची, वांगी, टोमॅटो, लावायचं नाही असा नियम आहे. पहिल्याच दिवशी सही घेतात. मी तुम्हाला कधी सांगू शकले नाही. कुंड्या काढा असं तुम्हाला कोण सांगणार? आणि आता सांगितलं असतं, तर कोट या घरात धुवायला येणं बंद झालं असतं. तुमची चाळीस वर्षं..."

"माझी चाळीस वर्षं मी बघते," आत्याबाई म्हणाल्या. "तू उद्या साडेदहाला तयार राहा."

"तुम्ही काय करणार आहात?"

आत्याबाईंनी दोरीवरचं शेवटचं फडकं काढलं आणि घडी न घालताच टोपलीत टाकलं. सुनेने त्यांना असं करताना सहा वर्षांत पाहिलं नव्हतं.

५

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत पुस्तकांपेक्षा खडू जास्त होते. भिंतभर फळा, त्यावर आठ चौकोन, सातांत काहीतरी लिहिलेलं, आठव्यात नुसतं प्रश्नचिन्ह. ते वाचायला आत्याबाईंना शाळा लागली नाही. इंचपट्टी फाइल घेऊन खिडकीशी उभा होता, माळी दाराशी, सून भिंतीला पाठ लावून.

"आत्याबाई, ही आमच्या आतली बाब आहे," डॉक्टरीणबाई मवाळपणे म्हणाल्या.

"आहे. पण बाहेरून आलीय ती माझ्या गच्चीवरून. तेवढं ऐका, मग हाकला."

त्यांनी सांगितलं. सात कुंड्या, सैल दोरी, इस्त्री न झालेला एक कोट. नियम घरात आला होता, पण आपल्या धाकाने तो सुनेच्या तोंडातून बाहेर पडला नाही, हेही सांगितलं. मग माळ्याकडे वळल्या. त्याने चिकटा सांगितला, कोंडा सांगितला, दोन फडकी सांगितली, कोरा पिवळा कागद सांगितला. इंचपट्टीने, कोणी न विचारता, खडूची रिंगणं सांगितली आणि शेवटी म्हणाला, "हात तिथे पोचत नाही. माझा तर्क चुकला होता."

"म्हणजे मावा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोपारोपावर फिरून रस पितो, सोंडेला लावून विषाणू नेतो. मग लबाडी नाही, हलगर्जी. प्रयोग वाया गेला एवढंच."

"वाया कसा?" आत्याबाईंनी विचारलं. "हा दोन्ही टेबलांवर होता म्हणतोय. ती फाइल उघडा की. दुसऱ्या टेबलावरची पानं."

इंचपट्टीने पान काढलं. डॉक्टरीणबाईंनी ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, चाक फिरवलं. दुसरं पान मागितलं. तिसरं. मग खुर्ची मागे सारून म्हणाल्या, "आत्याबाई, या. तुम्ही बघा."

आत्याबाईंनी डोळा लावला. आधी नुसतं धुकं. मग एकदम एक हिरवं मैदान, त्यावर नाल्यांसारख्या शिरा, आणि नाल्याकाठी काचेचे अंगरखे काढून ठेवावेत तशी टरफलं. पाय होते, मिशा होत्या, आत मात्र कोणी नव्हतं. आयुष्यभर त्यांनी हे राखेने झटकलं होतं. इतकं सुबक असेल अशी कल्पना नव्हती.

"कपडे टाकून गेलेत," त्या म्हणाल्या. "धुवायला."

हसला एकटा माळी. डॉक्टरीणबाई फळ्याकडे गेल्या होत्या. "मावा दोन्हीकडे. आजारी रोपं दोन्हीकडे. एका टेबलावरून त्याने विषाणू उचलला आणि नेला. दुसऱ्यावरून नेला नाही. फरक फक्त एकाचा." त्यांनी आठव्या चौकोनात खडू टेकवला. "आम्ही रोपं चोळत होतो. रोपाला चोळणारा हात शेतात कुठे असतो? शेतात मावा असतो. आठवं प्रोटीन त्याच्या सोंडेत विषाणूला धरून ठेवत असेल. रोपाच्या आत त्याला कामच नाही. त्याचं काम दोन रोपांच्या मधल्या प्रवासात आहे, आणि तो प्रवास आम्ही तीन वर्षं दार लावून बंद ठेवला होता."

"मी म्हटलंच होतं, बसून खाणारं नसणार," आत्याबाई म्हणाल्या.

"अजून हा नुसता अंदाज आहे. जाळीच्या पिंजऱ्यात मोजून मावा सोडून सगळं पुन्हा करावं लागेल, दोनदा तरी." पण त्यांचा आवाज बदलला होता. त्या सुनेकडे वळल्या. "मावा कधी आला, किती होता, हे कशावरून ठरवायचं? पहिल्या टेबलावरचा कागद कोरा आहे. माळी म्हणतो त्याने बदलला नाही."

सुनेने आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाई फळ्याकडे पाहत राहिल्या. कागद कोणाजवळ आहे ते त्यांना माहीत होतं, आणि तो मागायचा नाही असं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं.

सून भिंतीपासून पुढे आली. वही उघडली, पिवळा कागद काढला आणि टेबलावर ठेवला. "मी बदलला. या कागदावर लावल्याची आणि काढल्याची तारीख आहे, खरी. लपवला मीच."

डॉक्टरीणबाईंनी कागद उजेडात धरला, चारी मावे मोजले. "मुद्दाम चोळल्याचा आरोप मी काढून टाकते," त्या सावकाश म्हणाल्या. "हे मात्र नोंदीत जाईल, तुझ्या नावाने. प्रयोग तूच पुन्हा करायचा, पण एकटीने नाही. तुझी रोजची वही रोज संध्याकाळी हा तपासेल." इंचपट्टीने मान खाली घातली, त्याला ते फारसं सुखाचं वाटलं नसावं. "आणि कोट, आत्याबाई, पुन्हा प्रयोग होईपर्यंत इथेच धुऊ. राग मानू नका."

"मानेन," आत्याबाई म्हणाल्या. "पण तुमचं बरोबर आहे."

त्यांनी रिकामा गठ्ठ्याचा कपडा काखेत मारला. दारापर्यंत गेल्या, मग फिरल्या. बोलल्या सुनेशी, पण आवाज असा की कोणी दुसरीकडे पाहू शकलं नाही.

"ऐक. मावा नेलास तो न कळता, आणि तो माझा. त्याचा दोष माझ्या माथ्यावर घेऊन मीच सांगितलं बाईंना. कागद लपवलास तो कळून, आणि तो सगळा तुझा. माझ्यासाठी लपवलास म्हणतेस, तर ते मी घेत नाही, परत ने. तीन वर्षं तू जे शोधत होतीस, ते पाय पसरून त्या कागदावर बसलं होतं. आणि तू ते सासूच्या भीतीने पुठ्ठ्यात कोंबलंस. लबाड नाहीस तू, ते मी इथे सगळ्यांदेखत सांगते. भित्री आहेस. त्याला औषध आहे. आजपासून जे दिसेल ते त्या वहीत त्याच दिवशी लिहायचं. माझ्याविरुद्ध असेल तर आधी लिहायचं."